जपानच्या लव्ह हॉटेलात रात्र काढायचीय? आधी घड्याळ समजून घ्या

सरळ सांगतो, आम्ही दोघं नवराबायको पहिल्यांदा लव्ह हॉटेलात गेलो ते पैसे वाचवायला. मार्चचा शेवट, साकुराचा म्हणजे चेरीच्या फुलांचा सीझन, तोक्योमधल्या साध्या बिझनेस हॉटेलांच्या काडेपेटीएवढ्या खोल्यांचे भाव बघून डोळे पांढरे झालेले, आणि कुठेतरी वाचलेलं की लव्ह हॉटेलची खोली दुप्पट मोठी असते आणि भाडं माणशी नाही, खोलीमागे असतं. वाचले का पैसे? पहिल्या वेळी नाही वाचले, कारण आम्ही संध्याकाळी पावणेसातला बॅगा ओढत आत शिरलो आणि तिथला रात्रीचा रेट नऊला सुरू होत होता, मग मधल्या सव्वादोन तासांचं बिल वेगळं लागलं. ही चूक तुम्ही करू नये म्हणून एवढं लांबलचक लिहितोय.

हे नक्की असतं काय, ते आधी थोडक्यात

जोडप्यांना काही तास किंवा पूर्ण रात्र एकांत मिळावा म्हणून बांधलेलं हॉटेल, बस. जपानात घरं लहान, भिंती पातळ, पलीकडच्या खोलीत आईवडील किंवा पोरं, त्यामुळे लग्न झालेली माणसंसुद्धा जातात आणि त्यात कुणाला फार काही वाटत नाही. नावाचा उगम १९६८ च्या सुमारास ओसाकात निघालेल्या 'होटेल लव्ह' नावाच्या एका हॉटेलात सांगतात. पुढे १९७३ मध्ये तोक्योत मेगुरो नदीजवळ अगदी परीकथेतल्या किल्ल्यासारखं 'मेगुरो एम्परर' उभं राहिलं आणि मग किल्ले, जहाजं, गोल फिरणारे पलंग, छताला आरसे असा सगळा धुमाकूळ झाला. १९८५ पासून कायदा कडक झाला, असले फिरते पलंग वगैरे असतील तर वेगळ्या कायद्याखाली नोंदणी आली, म्हणून नंतरच्या मालकांनी साधी हॉटेलं म्हणून नोंदणी करून आतलं सगळं सभ्य करून टाकलं. त्यामुळे आज फिरता पलंग बघायला जाणार असाल तर बहुतेक निराश व्हाल. आता मिळतो मोठा पलंग, मोठ्ठा टब, मोठा टीव्ही आणि कॅराओके. कित्येक जण तर स्वतःला लव्ह हॉटेल म्हणवतसुद्धा नाहीत, 'लेजर हॉटेल', 'फॅशन हॉटेल' असली नावं लावतात. बालीआनसारखी चेन तर मैत्रिणींच्या ग्रुपला पार्टी करायला खास पॅकेज देते, त्याला तिकडे 'जोशीकाई' म्हणतात (आपल्या जोश्यांचा काही संबंध नाही, बायको दिवसभर हसत होती).

कोणी जावं, कोणी नको

स्त्री-पुरुष जोडपं, काही प्रश्न नाही, आणि लग्नाचा दाखला, आधार कार्ड, 'नातं काय' असलं कोणीही विचारत नाही. लोणावळ्याच्या लॉजवर काउंटरमागच्या काकांची ती वरपासून खालपर्यंतची नजर आठवते ना, ती इथे नाही, कारण बऱ्याच ठिकाणी काउंटरमागे काका दिसतच नाहीत. एकट्याने जायचं असेल तर हल्ली बरीच हॉटेलं घेतात, काही नाही घेत. दोघी मुलींना सहसा अडचण येत नाही. दोन पुरुष मित्र असाल तर मात्र अजूनही काही ठिकाणी नकार मिळतो, सरकारने तसं करू नका म्हणून सांगितलेलं असूनही. तिघं-चौघं मिळून एका खोलीत ही आपली जुनी आयडिया इथे चालत नाही, चाललीच तर जादा पैसे लागतात. अठरा वर्षांखालचं कोणी बरोबर असेल तर विषयच सोडा, म्हणजे पोरंबाळं घेऊन फिरणाऱ्यांसाठी हे नाहीच.

आणि हो, व्हिसासाठी जो मुक्कामाचा तक्ता भरायचा असतो त्यात रीतसर बुक केलेली हॉटेलं लिहा. लव्ह हॉटेल ही मधली एखाद-दुसरी रात्र. सगळी ट्रिप त्यावर काढता येत नाही, का ते पुढे येईलच.

पायरी १: एरिया

तोक्योत शिबुयाला दोगेनझाकाचा चढ आणि त्यामागचं मारुयामाचो, शिंजुकुला काबुकीचो, इकेबुकुरोची उत्तरेकडची बाजू, गोतांदा, आणि माझं आवडतं उगुइसुदानी. ओसाकात उमेदाजवळ दोयामा, शिवाय साकुरानोमिया. क्योतोत हायवेच्या मिनामी इंटरचेंजजवळ एक अख्खा पुंजका आहे पण तिथे गाडीशिवाय जाणं कटकटीचं.

उगुइसुदानी का आवडतं सांगतो. हे यामानोते या तोक्योच्या गोल फिरणाऱ्या लोकल लाइनवरचं उएनोच्या शेजारचं छोटं स्टेशन, उत्तरेच्या गेटने बाहेर पडलात की समोर हॉटेलच हॉटेल, प्लॅटफॉर्मवरूनच पाट्या दिसतात, आणि दक्षिणेच्या गेटने गेलात तर उएनो पार्क आणि नॅशनल म्युझियम. एका बाजूला स्मशान-देवळं-म्युझियम आणि दुसऱ्या बाजूला हे, मधे फक्त रुळ. रेट शिबुयापेक्षा साधारण कमी, आणि पुढचं स्टेशन निप्पोरी, जिथून नारिता एअरपोर्टची स्कायलायनर ट्रेन मिळते, पाऊण तासाच्या आत एअरपोर्ट. सकाळी विमान असेल तर यासारखी सोय नाही. काबुकीचोत मात्र रस्त्यात 'सर, धिस वे' करत चिकटणारे दलाल असतात, त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही, त्यांच्यामागे कुठल्याही बारमध्ये जायचं नाही, सरळ चालत राहायचं.

पायरी २: बॅगांचं काय ते दुपारीच ठरवा

लव्ह हॉटेलात आधी येऊन सामान ठेवा आणि मग फिरा असं सहसा नसतं. चेक-इन रात्री, मग दिवसभर बॅगा कुठे? एकतर स्टेशनवरच्या कॉइन लॉकरमध्ये (मोठे लॉकर सकाळी दहानंतर भरून जातात, लवकर पकडा), नाहीतर कोन्बिनीमधून (कोपऱ्याकोपऱ्यावर असतं ते छोटं दुकान) ताक्क्युबिनने म्हणजे कुरिअरने पुढच्या रीतसर हॉटेलवर पाठवून द्या आणि एका रात्रीपुरती पाठीवरची सॅक ठेवा. आम्ही दुसऱ्या वेळेपासून हेच करतो. दोन मोठ्या सुटकेस घेऊन तिथल्या लिफ्टमध्ये शिरून बघा एकदा, दोन माणसं चिकटून उभी राहतील एवढ्याच मापाची लिफ्ट असते, धंद्याच्या दृष्टीने बरोबरच आहे म्हणा.

पायरी ३: बाहेरचा बोर्ड वाचणं. इथेच सगळा खेळ आहे

लव्ह हॉटेलच्या दाराबाहेर रेटचा बोर्ड असतो आणि त्यावर मुख्यतः दोन भाव असतात. एक 'क्युकेई', म्हणजे विश्रांती, दोन-तीन तासांसाठी, साधारण तीन ते सहा हजार येन. दुसरा 'शुकुहाकु', म्हणजे मुक्काम, पूर्ण रात्र, साधारण सात-आठ हजारापासून पंधरा हजार येनपर्यंत, शनिवारी आणि भारी खोलीला त्याहून वर. रुपयात काढायचं तर येन निम्मे करा आणि वर थोडं धरा. इंग्लिशमध्ये 'रेस्ट' आणि 'स्टे' लिहिलेलं असतं बऱ्याचदा, नसेल तर अक्षरं अशी ओळखा: क्युकेईचं पहिलं अक्षर म्हणजे माणूस झाडाला टेकून बसलाय, डावीकडे दोन रेघांचा माणूस, उजवीकडे झाड. शुकुहाकुचं पहिलं अक्षर म्हणजे वर छप्पर आणि त्याखाली माणूस. एकदा हे डोक्यात बसलं की अख्ख्या जपानात कुठेही बोर्ड वाचता येतो, मला जपानीतली येणारी मोजून वीस अक्षरं, त्यातली ही दोन.

आता शुकुहाकुच्या समोर वेळ बघा. २१:००–११:०० लिहिलं असेल तर रात्री नऊला आत आणि दुसऱ्या दिवशी अकराला बाहेर. त्याच्या आधी शिरलात तर आधीच्या तासांचे पैसे वेगळे. आमचं जे झालं ते हेच. शुक्रवार, शनिवार आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी ही वेळ अजून उशिरा सरकते, दहा, अकरा, कारण त्या संध्याकाळी त्यांना तासांवर खोल्या फिरवायच्या असतात, एका खोलीचे तीन-तीन वेळा पैसे सुटतात, मग तुम्हाला सातपासून रात्रभर कशाला देतील. रविवार ते गुरुवार मात्र लवकर घेतात आणि स्वस्तही पडतं. एप्रिलअखेर सुरू होणारा सुट्ट्यांचा गोल्डन वीक, ऑगस्टमधला पितरांचा सण ओबोन, न्यू इयर यांना स्पेशल रेट, आणि ख्रिसमसच्या आदल्या रात्री तर जाऊच नका, तो त्यांच्याकडे प्रेमी जोडप्यांचा सण आहे, एकही खोली मिळायची नाही.

कधीकधी वेळ २५:०० किंवा २६:०० लिहिलेली दिसेल. छपाईची चूक नाही ती, रात्री एक आणि दोन. जपान्यांचा दिवस बारा वाजता संपत नाही, दुकान बंद होईपर्यंत चालूच.

तिसरा भाव 'सर्व्हिस टाइम' किंवा 'फ्री टाइम' म्हणून असतो, हा दिवसाचा, सकाळी आत शिरा आणि दुपारी-संध्याकाळी ठरलेल्या वेळेपर्यंत रहा, एकच रक्कम. रात्रभर विमानात अवघडून सकाळी उतरलात आणि रीतसर हॉटेल तीनच्या आधी खोली देत नाही, अशा वेळी अंघोळ करून पाच तास झोपायला याच्यासारखी सोय मला तरी दुसरी माहीत नाही. हे कोणी सांगत नाही.

वेळ पक्की झाली की जेवून घ्या, कॉफी प्या, शिबुयाची गर्दी बघा, आणि मुक्कामाची वेळ सुरू झाल्यावरच आत जा. अगदी ऐनवेळेवरही विसंबू नका, शनिवारी अकराला सगळीकडे 'मान्शित्सु' म्हणजे फुल्ल. दारावरचा दिवा बघा: रिकामं असेल तर बहुतेक हिरवा-निळा, भरलेलं असेल तर लाल. शेवटची ट्रेन साडेबाराच्या आसपास सुटते आणि पहिली साडेचार-पाचला, म्हणजे ट्रेन चुकलेली सगळी मंडळी त्याच वेळी खोली शोधायला निघतात.

आगाऊ बुकिंग? नेहमीच्या बुकिंग साइटवर काही लव्ह हॉटेलं असतात, 'फक्त प्रौढांसाठी' असं लिहिलेलं असेल तर समजायचं. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेच सुचवेन, चेक-इनची वेळ आधीच लिहून मिळते आणि बाहेर जाऊन परत येता येतं का हे आधीच विचारता येतं. थोडं महाग पडतं पण डोक्याला ताप नाही.

पायरी ४: आत शिरणं

आत गेल्यावर लॉबीत बहुतेक कोणी नसतं. भिंतीवर खोल्यांचे फोटो असलेला मोठा पॅनल, ज्या खोलीचा फोटो उजळलेला ती रिकामी, काळोखा तो भरलेला. फोटोखाली दोन रेट. पाहिजे त्या खोलीचं बटण दाबा. मग कुठे किल्ली खाली पडते, कुठे चिठ्ठी निघते, कुठे काहीच नाही, नुसता खोलीचा नंबर लुकलुकायला लागतो आणि तो बघत बघत आपण जायचं. काही ठिकाणी छोटी खिडकी असते, त्यातून फक्त हात दिसतात, तिथे 'ओतोमारी' म्हणा, म्हणजे मुक्काम. 'गोक्युकेई' म्हटलंत तर तासांचं बिल लागेल. पासपोर्ट जवळ असू द्या, मागितला तर दाखवा, परदेशी टुरिस्टचा पासपोर्ट बघणं हॉटेलांच्या नियमातच आहे, आणि तसाही टुरिस्टने तो सतत जवळ बाळगायचा असतो.

लिफ्टपाशी दुसरं जोडपं आलं तर? थांबायचं, मोबाइलमध्ये बघायचं, त्यांना जाऊ द्यायचं. कोणी कोणाकडे बघत नाही. फोटो तर बिलकुल नाही, तुमच्या खोलीतले काढा हवे तेवढे.

पायरी ५: खोली, आणि ते दार

आता लक्ष द्या. दार मागे बंद झालं की 'खट्' आवाज येतो आणि दाराशेजारचं पैशाचं मशीन बाईच्या आवाजात 'इराश्शाइमासे' म्हणजे 'या, या' म्हणतं. त्या क्षणापासून मीटर चालू. आणि बऱ्याच ठिकाणी दार आतून उघडत नाही, पैसे भरल्यावर किंवा रिसेप्शनला फोन केल्यावरच उघडतं. आम्हाला हे माहीत नव्हतं. रात्री अकराला मला चहाची तलफ आली, दूध आणायला कोन्बिनीत जावं म्हणून हँडल खेचलं तर दार ढिम्म. परत खेचलं. बायको पलंगावरून शांतपणे, "अरे आपल्याला डांबलंय का इथे?" मग फोन, नऊ नंबर, पलीकडून एका म्हातारीचा आवाज, "ओदेकाके देसु का?" (बाहेर जाताय का?) मी गुगल ट्रान्सलेट लावेपर्यंत ती तीनदा तेच बोलली, शेवटी मी 'कोन्बिनी, मिरुकु' एवढंच म्हणालो, ती खळखळून हसली आणि खट् करून दार उघडलं.

घाबरायचं कारण नाही, आग-भूकंपात बाहेर पडायचा रस्ता दाराच्या आतल्या बाजूला नकाशात दाखवलेला असतो, तो आल्याआल्या बघून घ्या. पण एकदा आत गेल्यावर परत बाहेर जाणं, म्हणजे 'गाइशुत्सु', काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी आधी पूर्ण पैसे भरून चालतं, काही ठिकाणी अजिबात नाही. खिडकीपाशीच विचारा: 'गाइशुत्सु देकिमास का?' आणि पाणी, दूध, रात्रीचं खाणं सगळं येतानाच घेऊन या. किटली असते, मायक्रोवेव्हही असतो बऱ्याचदा, आमचे रेडीमेड पोहे आणि मुगडाळ खिचडीचे पाकीट तिथेच संपले. शाकाहारी असाल तर खोलीतल्या मेनूकार्डच्या नादी लागू नका, भाताच्या गोळ्यातसुद्धा मासा निघतो.

फ्रिज दोन असतात किंवा एकात दोन भाग. एक रिकामा, तुमच्या वस्तूंसाठी. दुसऱ्यात छोट्या छोट्या कप्प्यांत बीअर, कोला आणि इतरही काय काय वस्तू, त्यातली बाटली नुसती 'बघू तरी' म्हणून उचललीत की बिलात लागलीच म्हणून समजा. हात लावू नका.

बाकी खोली म्हणजे मजा आहे हो. टूथब्रश, रेझर, कंगवा, शाम्पू, बाथ सॉल्ट, हेअर ड्रायर, कधीकधी केस सरळ करायचं यंत्रसुद्धा, झोपायचे गाउन, सगळं फुकट. उशाशी कंडोमची दोन पाकिटं, तेही फुकट. टब इतका मोठा की दोघं आरामात बसतील, काहींत बुडबुडे येतात, आत रंगीत दिवे लागतात, टबातून टीव्ही दिसतो. दिवसभर पंचवीस हजार पावलं चालून आल्यावर त्या गरम पाण्यात पाय सोडून बसायचं सुख, बिझनेस हॉटेलच्या बादलीएवढ्या टबात ते मिळत नाही. टीव्ही लावताना आधी आवाज कमी करा. का ते लावल्यावर कळेल.

एक सूचना, बाथरूमची भिंत काचेची असू शकते. सासूबाईंना व्हिडिओ कॉल करायचा असेल तर आधी मागे काय दिसतंय ते तपासा, अनुभवाने सांगतोय.

वास हा एक खरा त्रास. बऱ्याच खोल्यांत सिगरेट ओढायला परवानगी असते आणि वरून कितीही स्प्रे मारला तरी पडद्याला वास राहतोच. 'किन्एन', म्हणजे सिगरेटबंदी असलेली खोली मिळाली तर तीच घ्या. स्वच्छतेचं मात्र टेन्शन नाही, मी जेवढ्या पाहिल्या त्या चकाचक होत्या, आपल्याकडच्या कित्येक थ्री-स्टारपेक्षा.

आणि दिवे. पलंगाच्या उशाशी बटणांची अख्खी पट्टी असते, सगळं जपानीत. एक दाबलं, छतावर चांदण्या लागल्या. दुसरं दाबलं, खोली लाल. तिसऱ्याने कुठूनतरी पियानो सुरू झाला. सगळे दिवे बंद करणारं बटण सापडायला आम्हाला पंधरा मिनिटं लागली आणि ते सगळ्यात डावीकडे होतं. ट्रान्सलेटचा कॅमेरा त्या पट्टीवर आधीच धरा, रात्री एकला नको.

पायरी ६: सकाळ

सलग दोन-तीन रात्री एकाच लव्ह हॉटेलात राहायचं डोक्यातून काढा. सकाळी सामानासकट बाहेर, दिवसा ती खोली दुसऱ्यांना, रात्री पुन्हा नव्याने. काही ठिकाणी देतात, पण मधल्या वेळाचे पैसे लावून.

निघताना मशीनवर बिल दिसतं, हजाराच्या, पाच हजाराच्या, दहा हजाराच्या नोटा सरळ करून एकेक सोडा, चुरगळलेली घेत नाही. कार्ड चालतं बऱ्याच ठिकाणी, तरी रोख जवळ ठेवाच. पैसे भरले की दार उघडतं. जुन्या हॉटेलात अजून कुठे कुठे हवेची नळी आहे म्हणतात, डब्बीत पैसे घालायचे आणि सूंऽऽ करून ती खाली जाते, सुटे पैसे वर येतात. मला अजून बघायला मिळालेली नाही, हळहळ आहे.

वेळेवर उठणं हेच अवघड. खिडकी असली तरी ती लाकडी फळीने बंद केलेली असते. आम्ही फळी सरकवून बघितली तर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत आणि एसीचा डबा घरघरतोय, उजेड नावालाही नाही, घड्याळात साडेदहा वाजलेले आणि आम्हाला वाटलं अजून पहाट आहे. अकरा वाजून गेले की दर अर्ध्या तासाला जादा पैसे, त्याला 'एन्चो' म्हणतात. त्या दिवशी बायको ओल्या केसांनीच बाहेर पडली, मी एक मोजा सापडत नाही म्हणून तसाच बुटात पाय घातला, मशीनने पैसे घेतले तेव्हा दहा अठ्ठावन्न झाले होते. तेव्हा मोबाइलवर साडेनऊचा अलार्म लावा, आणि दोन्ही मोबाइलवर लावा.